मुलगी उप्सालाला शिकायला निघाली आहे. तेथील माणसांत तिने कसे मिसळावे?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
माझी मुलगी ऑगस्टमध्ये उप्साला विद्यापीठात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी जात आहे. आमच्याकडे शेजारी न कळवता चहाला येऊन बसतात. स्वीडिश लोक अबोल असतात, असे ऐकल्यापासून तिला अभ्यासापेक्षा एकटेपणाचीच धास्ती वाटते. ज्यांनी तेथे दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (स्वीडनमधील लुंड येथे शिकलेला, सध्या नागपुरात):
ताई, ती माणसे तुसडी नाहीत. मात्र आधी न ठरवता कोणाच्या दाराशी जाण्याची तेथे रीत नाही आणि ओळख वाढते ती सोबत काही काम केल्याने. त्यासाठी उप्सालात विद्यार्थ्यांच्या १३ ‘नेशन’ आहेत. स्वीडनच्या प्रांतांची नावे धारण करणाऱ्या या जुन्या संघटनांमध्ये गायनवृंद असतात, खेळ असतात, स्वस्त जेवण मिळते आणि स्वयंपाकघरातली बरीचशी कामे विद्यार्थीच करतात. तिने तेथे केवळ जेवायला न जाता कांदा चिरायला उभे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. विभागातील ‘फिका’, म्हणजे कॉफी आणि दालचिनीच्या बनसाठी सर्वांनी एकत्र बसण्याची वेळ, अभ्यासाच्या नावाखाली कधीही टाळू नये, कारण प्राध्यापकही तेथे बरोबरीने बसतात. त्यांना ‘सर’ न म्हणता पहिल्या नावाने हाक मारावी लागते. हे आपल्याला जड जाते, पण तेथे त्यात अनादर नाही.

उत्तर (उप्सालात शिकणारी नागपूरकर):
वरील मताशी मी सहमत आहे. तिला कॉरिडॉरमधील खोली मिळाली, तर स्वयंपाकघर सामायिक असेल; फोडणी देण्यापूर्वी एक्झॉस्ट सुरू करावा आणि सफाईची आपली पाळी चुकवू नये. कपडे धुण्याच्या खोलीची वेळ आगाऊ नोंदवावी लागते. ती वेळ संपल्यावरही यंत्र अडवून ठेवणे किंवा कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जाळीतला कचरा तसाच सोडणे तेथे फार मनाला लावून घेतात, हे मी मुद्दाम सांगते. डिसेंबरात येथे दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून सप्टेंबरमध्येच मैत्रिणी जोडाव्यात. त्या दिवसांत जंगलात लिंगनबेरी ही लहान आंबट लाल फळे आणि अळंबी मिळतात. निसर्गात मुक्तपणे हिंडण्याचा हक्क सर्वांना असल्यामुळे, घरांची अंगणे आणि उभी पिके सोडून, कोणाच्याही रानात जाता येते. अळंबी मात्र जाणकाराला दाखवूनच खावी.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पोहोचल्यावर सर्वांत आधी तिने कोणते काम करावे?

उत्तर (लुंड येथे शिकलेला):
वर्षभर किंवा त्याहून अधिक राहणाऱ्यांनी ‘स्काटेवेर्केट’ या कर खात्याकडे नोंदणी करून व्यक्तिक्रमांक घ्यावा लागतो. तो हाती येण्यास वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज लगेच करावा. बँक खाते, बँक-आयडी (ऑनलाइन ओळखपत्र) आणि ‘स्विश’ (मोबाइलवरून पैसे पाठवण्याचे अ‍ॅप) हे पुढचे टप्पे त्यानंतर सोपे होतात. तेथे जेवणाचे पैसे मित्रमंडळी स्विशवरूनच आपसांत वाटून घेतात.