मदत हवी आहे: अकरावी-बारावीच्या मुलांसाठी समलैंगिकतेवरचं पत्रक

कनिष्ठ महाविद्यालयांत वाटायला आम्ही काही समुपदेशक दोन पानी पत्रक करतोय. माहितीचा भाग झालाय: जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. पॉक्सोत (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात) १८ वर्षांखालच्यांची संमती धरत नाहीत, पण नुसतं 'मला मुलगे आवडतात' असं असणं किंवा सांगणं गुन्हा नाही. हे ठळक छापणार.

अडलंय मित्रांच्या भागापाशी. मुलगा पुष्कळदा घरच्यांआधी एखाद्या मित्राला सांगतो, आणि बिघडतं ते तिथून पुढे. मित्र चांगल्या मनाने दुसऱ्याच्या कानावर घालतो, नाहीतर चॅटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर जातो. म्हणून आम्ही लिहिलंय: चॅटवर नको, समोर बसून सांग; एका वेळी एकालाच; आधी तो इतरांची गुपितं कशी सांभाळतो ते बघ; आणखी कुणाला माहीत आहे, कुणाला कळू द्यायचं नाही, हे त्याला स्पष्ट सांग. घरी कळलं तर राहायचं कुठे, हे ठरल्याशिवाय घाई नको.

ग्रुपवर 'बायल्या', 'छक्का' सुरू झालं की मित्राने काय म्हणावं, अशी दोन-तीन वाक्यं मुलांच्या बोलीत हवी आहेत. आमची फारच मास्तरी वाटतात. शिवाय सांगली, लातूर, नांदेडकडे समलैंगिकता 'बदलून देतो' न म्हणणारे मराठी समुपदेशक माहीत असतील तर कळवा. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय.