शब्दचर्चा : ‘अजगर’ आणि ‘फुलटोच्या’

प्रश्न : तीन-चार मीटरचा अजगर आणि जेमतेम ८ सेंटिमीटरचा फुलटोच्या पक्षी, दोघांचीही नावं खाण्यावरूनच पडली का? अजगर बिनविषारी असताना त्याच्या नावात ‘गर’ म्हणजे विष कुठून आलं?

उत्तर : ‘गर’ म्हणजे विष हा अर्थ संस्कृतात आहेच, ‘गरळ’ त्याच गोतातलं. पण अजगरातला ‘गर’ तो नव्हे. तो ‘गॄ’ म्हणजे गिळणे या धातूचा. अज म्हणजे बोकड, त्याला गिळणारा तो अजगर. तिमि माशाला गिळणारा तिमिंगिलही असाच बनला, आणि आपलं रोजचं ‘गिळणे’ याच घरातलं.

फुलटोच्याला संस्कृताचा टेकू लागत नाही. फुलं टोचतो म्हणून टोच्या. नाव ठेवणाऱ्याची नजर पक्की होती. बांडगुळाची तयार कळी मिटलेलीच असते. हा तिला चोचीने चिमटा काढतो, तशी ती झटकन उघडते आणि पराग त्याच्या तोंडावर उडतात. तेच पराग पुढे दुसऱ्या फुलाला लागतात. नावात न आलेली गोष्ट अशी की बांडगुळाची फळं मात्र तो अख्खी गिळतो. चिकट बी विष्ठेतून निघतं, पक्षी ते फांदीला पुसतो आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं. म्हणजे गिळण्यात दोघं सारखेच, फक्त एकाच्या नावात ते नोंदलं गेलं.

पुरवणी : वापराबद्दल थोडं. बातम्यांत ‘अजगर डसला’ असं छापून येतं, ते मला खटकतं. डसणं म्हटलं की विष आलंच. अजगराचे दात आत वळलेले, भक्ष्य धरून ठेवण्यासाठी. तेव्हा ‘चावला’ किंवा ‘पकडलं’ म्हणावं.

तसंच ‘विळखा’ आणि ‘वेटोळं’ यांची सरमिसळ नको. विळखा दुसऱ्याला पडतो, आवळण्यासाठी. वेटोळं स्वतःचं असतं. अजगराची मादी अंड्यांभोवती बसते ते वेटोळं घालून. स्नायू थरथरवून ती अंड्यांना ऊब देते. तिथे ‘अंड्यांना विळखा घातला’ लिहिलं की आईची मारेकरीण होते. कर्जाचा किंवा व्यसनाचा मात्र विळखाच.