पाठीवर 'ली', छातीवर जपान: तादानारी लीने योग्य केलं का?

गोलपोस्ट (धागाकर्ता)

२९ जानेवारी २०११, दोहा. फुटबॉलच्या आशिया चषकाची अंतिम लढत, जपान विरुद्ध ऑस्ट्रेलिया, गोलफलक कोरा. जादा वेळेतलं १०९वं मिनिट. जपानचा नागातोमो डाव्या कडेने सुसाट सुटला आणि त्याने चेंडू आत टाकला. तिथे एक जण एकटाच उभा होता, आसपास ऑस्ट्रेलियाचा कुणीच नाही. त्याने चेंडू जमिनीला टेकूच दिला नाही. हवेतच डाव्या पायाने असा हाणला की ऑस्ट्रेलियाचा गोलरक्षक श्वार्झरला हलताही आलं नाही. मग पळत जाऊन त्याने धनुष्यातून बाण सोडल्याचा आविर्भाव केला. तो तेव्हा सानफ्रेच्चे हिरोशिमाकडून खेळायचा, आणि त्या क्लबच्या नावातच तीन बाण आहेत.

पाठीवर नाव होतं 'ली'. तादानारी ली. जन्म तोक्योचा, कोरियन वंशाच्या कुटुंबाची चौथी पिढी. जपानसाठी त्याचा हा अवघा दुसरा सामना.

२००४मध्ये दक्षिण कोरियाच्या १९ वर्षांखालील संघाच्या शिबिरात तो गेला, तर तिथल्या मुलांनी त्याला 'अर्धा जपानी' अशा अर्थाच्या शिवीने हाक मारली. २००७मध्ये त्याने जपानचं नागरिकत्व घेतलं, पण आडनाव 'ली'च ठेवलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. तुम्हाला?

आडवाट

खेळाडू म्हणून आदर आहेच. पण 'मोठा' म्हणताना आपण जपानला फार स्वस्तात सोडतोय, असं मला वाटतं.

१९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात लाखो माणसं कामासाठी जपानमध्ये आली, कित्येकांना सक्तीने आणलं गेलं. १९४०मध्ये कोरियन लोकांवर जपानी नावं लादली. १९५२मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरचा सॅन फ्रान्सिस्को शांतता तह अमलात आला आणि जपानमध्येच राहिलेल्या या माणसांचं जपानी नागरिकत्व एका फटक्यात गेलं. जिथे जन्मलात, शाळा शिकलात, कर भरता, तिथे पिढ्यानपिढ्या परके. जपानमध्ये नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. अशा देशाचा पासपोर्ट मागायला पणतवंडाने अर्ज करायचा, आणि त्याने गोल मारला की आपण टाळ्या वाजवायच्या?

मला चोंग ते-से जवळचा वाटतो. नागोयात जन्मलेला, कागदावर दक्षिण कोरियाचा नागरिक, शिकला मात्र उत्तर कोरियाकडे झुकलेल्या संघटनेच्या शाळांत. २०१०च्या विश्वचषकात तो उत्तर कोरियाकडून खेळला, ब्राझीलविरुद्ध त्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि तो ढसाढसा रडला. ज्या शाळेने त्याला घडवलं तिचं देणं त्याने फेडलं.

काळी_माती

लीला कोरियाने घेतलं नाही म्हणून तो जपानकडे गेला, एवढंच. करिअरचा हिशोब होता.

गोलपोस्ट

@काळी_माती, हिशोबच असता तर आडनावही बदललं असतं. भेदभाव नको म्हणून तिथले कितीतरी कोरियन शाळेत, नोकरीत जपानी नाव वापरतात. याने काय केलं पाहा. 'चुंग-सोंग' हे घरचं नाव ज्या दोन चिनी अक्षरांत लिहितात, तीच अक्षरं जपानीत 'तादानारी' अशीही वाचता येतात. त्याने अक्षरं तीच ठेवली, फक्त उच्चार जपानी घेतला. आणि आडनावाला हात लावला नाही. हे हिशोबी माणसाचं वागणं नाही.

निशिकासाईकर

मी तोक्योत आठ वर्षं आहे, म्हणून राहवलं नाही.

इथे नागरिकत्व घ्यायचं तर आधीचं सोडावं लागतं. भारतही दुहेरी नागरिकत्व देत नाही. आमच्या घरी हा विषय निघाला की नवरा गप्प होतो आणि मी चहा टाकायला उठते. आईला फोनवर काय सांगायचं, इथेच गाडं अडतं. तेव्हा 'फक्त हिशोब' म्हणणाऱ्यांना सांगते, तो अर्ज हातात घेऊन बघा एकदा. आमच्याच एदोगावा वॉर्डात २०१९मध्ये मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेही जपानी नागरिक झाल्यावरच. मतदान आणि उमेदवारी, दोन्ही नागरिकांनाच.

पण आडवाट, तुमचाही मुद्दा खरा आहे. २०१४मध्ये ली उरावा रेड्स या क्लबमध्ये आला आणि त्याच मार्चमध्ये त्यांच्या साइतामा स्टेडियममध्ये गोलामागच्या प्रेक्षागृहाच्या प्रवेशद्वारावर 'जॅपनीज ओन्ली' असा फलक लागला. लावणाऱ्यांचं म्हणणं, परदेशी पाहुणे आले की आमच्या घोषणांची लय बिघडते. सामना संपेपर्यंत क्लबने तो उतरवला नाही. शिक्षा म्हणून पुढचा घरचा सामना रिकाम्या स्टेडियममध्ये झाला, जे-लीग या जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये पहिल्यांदाच. साठ हजारांच्या वर माणसं मावतात तिथे. नुसत्या खेळाडूंच्या हाका आणि चेंडूचा आवाज.

आडवाट

तेच म्हणतोय मी. आशियाचा चषक जिंकून देऊन तीन वर्षं झाली होती!

गोलपोस्ट

फलक लावणारे मूठभर होते, तरी तुमचं दुःख मला पोचतं. देश सुधारला असं माझं म्हणणंच नाही. मी त्या माणसाबद्दल बोलतोय. तो उरावातच राहिला, पाच हंगाम. २०१६च्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात गांबा ओसाका १-०ने पुढे असताना ली बदली म्हणून आला आणि लगेच कॉर्नरवर डोक्याने बरोबरी साधली. पेनल्टीवर उरावा जिंकलं, सामनावीर ली.

काळी_माती

नावाच्या अक्षरांचं मला ठाऊक नव्हतं. 'एवढंच' हा शब्द मागे घेतो. पण एक विचारतो. दोह्यातला तो फटका बारवरून गेला असता तर?

निशिकासाईकर

तर उरावाच्या दारात त्याला कुणी ओळखलंही नसतं, आणि फलक त्याच्याही डोक्यावर असता. आमच्या इमारतीखालच्या मैदानात दर रविवारी तोक्यो क्लबचे शर्ट घातलेली पोरं खेळतात. परवा एकाच्या पाठीवर 'किम' होतं, आमच्याच्या पाठीवर 'जोशी'. गोल कुणी मारला ते वरून दिसलं नाही.