आठ वर्षांच्या पोराला ऑनलाइन सावधपणा शिकवायचा, की फोनच द्यायचा नाही?

मंजिरी_ठाणे
आमच्या सोसायटीतल्या पालकांमध्ये वाद पेटलाय. तिसरीतल्या एका मुलाला गेमच्या चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, "फ्री डायमंड देतो, आईच्या मोबाइलवर आकडे येतील ते सांग." त्याने सांगितले. खात्यातून पैसे गेले. ओरडा बसेल म्हणून पोरगं दोन दिवस गप्प राहिलं, आणि खरा घोळ तिथे झाला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकायच्या आत बँकेत अडकवता येण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी काय हाती लागणार?

आता निम्मे पालक म्हणतात, दहावीपर्यंत फोन बंद. मला हे पटत नाही. रस्ता ओलांडायला आपण चौथ्या वर्षापासून हात धरून शिकवतोच ना? फॅमिली लिंक (पालकांसाठीचं गूगलचं ॲप) वगैरे लावा, जरूर लावा. त्याने वेळ आणि ॲप आवरतात, पण गेममधलं चॅट त्यात दिसत नाही. "काहीही झालं तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही" हे मुलाला पटलेलं असणं जास्त कामाचं.

सातारकर
रस्त्याचं उदाहरण गंडलंय. रस्त्यावरचा ट्रक पोराला चॉकलेट दाखवून जवळ बोलवत नाही. इथे समोरचा माणूस फसवायलाच बसलाय. रिटायर्ड बँकवाले ओटीपी देऊन बसतात आणि आपण आठ वर्षांच्या मुलाकडून शहाणपणाची अपेक्षा करायची?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. दंड कंपनीला, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पोराला नाही, पालकाला नाही. जबाबदारी कुणाची ते तिथे स्पष्ट आहे. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, पण पोरं जन्मसाल खोटं टाकून मोकळी होतात.

टवाळ_कार्टा
पोरं कशाला, आमच्या घरी बाबांनीच माझं जन्मसाल बदलून खातं काढून दिलं होतं 😀

खडूफळा
जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. "फोन देऊ नका" हे बोलायला सोपं आहे. आमच्याकडे घरात एकच फोन, अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो, आई-बाप शेतावर. फोन पोराच्याच हातात राहणार.

भाषण देऊन उपयोग होत नाही, हे मात्र खरं. "अनोळखी माणसाशी बोलू नका" म्हटलं की सगळी एका सुरात "हो सर" म्हणतात. पण चॅटमधला 'किलर भाई' त्यांच्या लेखी अनोळखी नसतोच, रोज एकत्र खेळतात ना! म्हणून मी वर्गात नाटक करतो. एक पोरगा गोड बोलून फसवणारा. तो फोटो मागतो, आकडे मागतो, शाळेचं नाव विचारतो. तो "घरी सांगू नको हं" म्हणाला की वर्गाने टाळी वाजवायची. पहिल्यांदा उशिरा वाजते. मग मुलं इतकी तयार होतात की तो "घरी" म्हणेपर्यंत कडकडाट. ओटीपी म्हणजे काय हे त्यांना कळलं नाही तरी चालतं, ते एक वाक्य ओळखता आलं पाहिजे.

आणि पालकांनो, कुणी घाणेरडे मेसेज पाठवले असतील तर घाबरून पुसून टाकू नका, तो पुरावा आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फोन करा.

आजी_ऑनलाइन
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मोठ्यांचेसुद्धा. आमच्या सूनबाई एका हाताने रील सरकवत दुसऱ्या हाताने नातवाचा फोन काढून घेतात. तो काय शिकणार?

सातारकर
आजी, शंभर टक्के. त्यात जूनमध्ये शाळेच्या गेटसमोर गणवेशातला फोटो, नाव, इयत्ता, तुकडी, सगळं आपणच टाकतो. 'किलर भाई'ला विचारायची गरजच उरत नाही.

मंजिरी_ठाणे
@खडूफळा, टाळीचं नाटक आमच्या पालकसभेत मांडते. @सातारकर, कंपन्यांना दंड व्हायलाच हवा, पण तोवर आजच्या तिसरीतल्या मुलांचं काय करायचं?

सातारकर
तोवर फोन माझ्या खिशात. आणि नाटक शिकवा की, त्याला कुठे ना आहे? फक्त उद्या कुणी फसलं तर "आम्ही वर्गात शिकवलं होतं" म्हणून पोरावर खापर फोडू नका.

खडूफळा
खापर फोडायची सवय घरचीच आहे हो. त्या ठाण्याच्या पोराला मार पडला की नाही, ते आधी सांगा.

मंजिरी_ठाणे
पडला.