जूनमध्ये पुण्यात असणाऱ्या मुलांसाठी: 'टॉय स्टोरी'चे जुने भाग कुठले, कसे आणि कशावर दाखवायचे

प्रेषक: कार्यवाह, मंडळ
विषय: पुण्यातली सुट्टी आणि 'टॉय स्टोरी ५'

नमस्कार मंडळी,

यंदा मेअखेरीपासून आपल्या अमेरिकेतल्या मंडळातली सात-आठ घरं सुट्टीला पुण्यात असणार आहेत. कोणी कोथरूडला, कोणी सहकारनगरला, दोन घरं बाणेरला. 'टॉय स्टोरी' या जिवंत खेळण्यांच्या सिनेमालिकेचा पाचवा भाग १९ जून २०२६ ला येतोय, शुक्रवार आहे. त्याआधी आजोळच्या हॉलमध्ये सगळी मुलं एकत्र बसवून जुने भाग दाखवावेत असं ठरतंय. वयं पाच ते बारा, संख्या दहाच्या आसपास. कुठले भाग, कुठल्या क्रमाने आणि कशावर दाखवायचे, एवढं जाणकारांनी सांगावं. "सगळेच छान आहेत" अशी उत्तरं कृपया नकोत.

कार्यवाह

---

प्रेषक: सहकारनगरचे काका
विषय: उत्तर: पुण्यातली सुट्टी आणि 'टॉय स्टोरी ५'

ताई,

वेळ असेल तर क्रम प्रदर्शनाचाच ठेवा. पहिला १९९५ चा, ८१ मिनिटं. दुसरा १९९९ चा, ९२ मिनिटं. तिसरा २०१० चा, १०३ मिनिटं. चौथा २०१९ चा, १०० मिनिटं. बेरीज ३७६ मिनिटं, म्हणजे सव्वासहा तास. हे एका दिवसात उरकू नका. पहिला-दुसरा एका शनिवारी चालतील, मध्ये जेवण ठेवा. तिसरा मात्र एकटाच लावा आणि त्यानंतर निदान एक रात्र जाऊ द्या. खेळण्यांचा मालक अँडी मोठा होतो आणि ती छोट्या बॉनीच्या अंगणात ठेवून निघतो तिथे पंधरा वर्षांची गोष्ट पुरी होते. तासाभरात चौथा लावला की पोरं विचारतात, "मग परत कशाला?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर चौथा भाग सावकाश देतो, आणि दमलेली मुलं तोवर थांबत नाहीत.

आता खरा मुद्दा. वेळ कमी असला की जो तो "पहिला आणि तिसरा पाहा" म्हणून सांगतो. पाचव्या भागाच्या तयारीसाठी हा सल्ला चुकीचा आहे. नव्या भागात बॉनीच्या हातात लिलीपॅड नावाचा टॅब्लेट येतो आणि खेळण्यांच्या बाजूने पुढे उभी राहते ती जेसी, गुराखीण बाहुली. ही जेसी पहिल्या भागात नाहीच, ती दुसऱ्यात येते. एमिली नावाच्या मुलीची ती लाडकी. मुलगी मोठी होते, जेसी पलंगाखाली जाते, मग दान द्यायच्या खोक्यात. रँडी न्यूमनचं ते गाणं सारा मॅक्लॉक्लनने गायलंय, आणि तेवढ्या दोन-तीन मिनिटांत जेसीचं सगळं दुखणं सांगून होतं. ते पाहिलेलं नसेल तर टॅब्लेटपुढे जेसी इतकी का हादरते ते मुलांना कळणार नाही. चौथ्याच्या शेवटी खेळण्यांचा म्होरक्या वुडी आपला शेरीफचा बिल्ला जेसीला देऊन बो पीपबरोबर जातो. म्हणजे बॉनीच्या खोलीची जबाबदारी आता जेसीवर.

म्हणून वेळ कमी असेल तर दुसरा पूर्ण, तिसऱ्यातला कचऱ्याच्या गाडीपासून शेवटपर्यंतचा तुकडा, आणि चौथा पूर्ण. साडेतीन तासांच्या थोडं वर जाईल.

यात दोन छोटे टीव्ही-भाग घाला, प्रत्येकी साधारण बावीस मिनिटांचे. बहुतेकांना ते ठाऊक नसतात. २०१३ चा 'टॉय स्टोरी ऑफ टेरर' हा जेसीचाच आहे. रस्त्याकडेच्या मोटेलमध्ये एकेक खेळणं नाहीसं होतं, आणि जेसीला बंद खोक्याची भीती आहे. ही भीती दुसऱ्या भागातून आलेली, वर्षानुवर्षं अंधारात पडून राहिल्याची. २०१४ चा 'टॉय स्टोरी दॅट टाइम फरगॉट' ट्रिक्सी या खेळण्यातल्या डायनोसॉरचा. त्यात मेसन नावाच्या मुलाला नवा व्हिडिओगेम मिळालाय आणि डायनोसॉर-योद्ध्यांची अख्खी फौज खोलीत न खेळता पडून आहे. आपण खेळणी आहोत हेच त्या फौजेला माहीत नाही. पडदा विरुद्ध खेळणी हा पाचव्याचा विषय तिथे बारा वर्षं आधीच येऊन गेलाय. चौथा पाहायच्या आधी हे दोन दाखवा.

२०२२ चा 'लाइटइयर' सोडून द्या. अँडीने १९९५ साली पाहिलेला सिनेमा म्हणून तो रचलाय, त्यात आपली खेळणी नाहीत. लहान मुलं "वुडी कधी येणार?" विचारत १०५ मिनिटं काढतात.

पाच-सहा वर्षांच्यांसाठी तीन जागा आधी सांगून ठेवा. पहिल्यात सिडच्या खोलीत कोळ्याच्या पायांवर बाहुलीचं डोकं चालत येतं. तिसऱ्यात झांजा वाजवणारं माकड आणि पुढे भट्टी. चौथ्यात जुन्या वस्तूंच्या दुकानातले बोलके बाहुले. तिसऱ्याच्या भट्टीला मोठेही गप्प होतात, तेव्हा लहानग्यांना मोठ्यांच्या मांडीजवळ बसवा.

सहकारनगरचे काका

---

प्रेषक: कोथरूडची मावशी
विषय: उत्तर: उत्तर: पुण्यातली सुट्टी

काका, जेसीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण पहिला गाळायचा सल्ला पटला नाही. बझ स्वतःला खराखुरा अंतराळवीर समजतो हा सगळा गोंधळ पहिल्यातला. तो न पाहता दुसऱ्यात दुकानातला दुसरा बझ आला की नवीन मुलांना विनोद कळतच नाही. शिवाय पाचव्यात बिघडलेल्या, खेळाच्या अवस्थेतच अडकलेल्या बझच्या फौजेची गोष्ट असल्याचं निर्मात्यांनीच जाहीर केलंय. मग तर पहिला हवाच.

आणि दुसऱ्या भागाची आवृत्ती पाहून घ्या. श्रेयनामावलीबरोबर येणाऱ्या फजितीच्या दृश्यांमधला स्टिंकी पीटचा एक विनोद २०१९ पासूनच्या आवृत्तीत काढून टाकलाय. जुनी डिस्क लावली तर तो असेल. मुलांसमोर तो नसलेलाच बरा.

---

प्रेषक: सहकारनगरचे काका

मावशी, बझच्या फौजेचं माझ्या लक्षातून निसटलं होतं. तडजोड सुचवतो. फारच घाई असेल तर पहिल्यातला जिन्याचा प्रसंग तरी दाखवा. बझ टीव्हीवर स्वतःचीच जाहिरात पाहतो, उडायला जातो आणि हात तुटून खाली पडतो. मध्यंतर घ्यायलाही तीच जागा चांगली, पोरं खाऊ संपवून धावत परत येतात. दुसऱ्यात जेसीचं गाणं संपल्यावर थांबा, तिसऱ्यात बझला पुन्हा कोरा करून बाकीच्यांना कोंडतात तिथे. तिसऱ्याची नामावली चालू असताना दिवा लावू नका, पाळणाघराचं पुढे काय झालं ते तिथेच दिसतं. चौथा पिक्सारच्या चिन्हापर्यंत सोडा.

जाता जाता एक. १९९८ मध्ये दुसऱ्या भागाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जायला लागल्या, आणि राखीव प्रतही चालत नव्हती. घरी तान्हं बाळ म्हणून तंत्र-पर्यवेक्षक गॅलिन सस्मन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिने वाचवलं. गंमत म्हणजे नंतर गोष्टच पुन्हा लिहिली आणि त्यातलं बरंचसं काम नव्यानेच केलं. मोठ्या मुलांना हे सांगा, गृहपाठाची प्रत ठेवायला लागतील.

---

प्रेषक: बाणेरचा दादा
विषय: उत्तर: कशावर दाखवायचं

क्रम ठरला, आता यंत्रं.

अमेरिकेतलं डिस्ने प्लस खातं इथे चालत नाही. भारतात तेच सिनेमे जिओहॉटस्टारवर आहेत, वर्गणी वेगळी. आजी-आजोबांच्या घरी ती आधीपासून असते बऱ्याचदा, विचारून पाहा. दोन टीव्ही-भाग आणि हिंदी आवाज आहे का, हे मुलं जमायच्या आदल्या रात्री शोधून ठेवा. दहा मुलं समोर बसवून रिमोटने अक्षरं टिपत बसलात की पहिली पंधरा मिनिटं गेलीच.

डिस्क आणणार असाल तर डीव्हीडी आणू नका. डिस्क कुठल्या देशांत चालेल ते विभागावर ठरतं: अमेरिकेतली विभाग १ ची, इथले प्लेअर विभाग ५ चे. ब्लू-रेमध्ये अमेरिका 'ए', युरोप 'बी', भारत 'सी'. काही डिस्क तिन्हीकडे चालतात, ते खोक्याच्या मागे छापलेलं असतं. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाचं बंधन नाही, आणि चारही भाग २०१९ पासून त्यावर मिळतात. त्याला ४के प्लेअरच लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये ती डिस्क चालत नाही. प्लेअर तिकडून आणत असाल तर पाठीमागची पट्टी वाचा. "१००-२४०" लिहिलं असेल तर नुसता पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. फक्त "१२०" असेल तर इथल्या २३० व्होल्टला तो पहिल्याच मिनिटात जळेल.

४के साठी फार जीव टाकू नका. पहिल्या भागाचं मूळ चित्रच १५३६ गुणिले ९२२ ठिपक्यांचं काढलेलं आहे, पुढचं सगळं वाढवलेलं. उलट प्रोजेक्टर साधा असेल तर ४के डिस्कचं एचडीआर (उजेड-अंधाराच्या जादा छटा) त्याला झेपत नाही आणि चित्र काळपट, धुवून काढल्यासारखं दिसतं. प्लेअरच्या मेनूत एचडीआर बंद करा. टीव्हीवर दाखवणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर सगळं दैनंदिन मालिकेसारखं दिसतं.

प्रोजेक्टरचं गणित असं. १०० इंची १६:९ चित्र म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १२४ उंच. माहितीपत्रकात फेक-गुणोत्तर (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर भिंतीपासून ३.३ मीटरवर ठेवायचा, १.२ असेल तर २.६५ वर. दहा बाय चौदाचा हॉल असेल तर दहा फुटी भिंतीवर चित्र घ्या, प्रोजेक्टर मागच्या भिंतीच्या थोडा पुढे बसतो. पहिले तीन भाग १६:९ च्या चित्रात जवळपास पूर्ण बसतात. चौथ्याची रुंदी उंचीच्या २.३९ पट, त्याला वरखाली सोळा-सोळा सेंटिमीटर काळी पट्टी येते. चौथा लावल्यावर कोणीतरी हमखास "चित्र लहान झालं" म्हणत झूम करतं आणि कडेची पात्रं कापली जातात. रिमोट आधीच वर ठेवा.

चादर लावणार असाल तर दुहेरी घ्या आणि मागे गडद कापड टांगा, नाहीतर निम्मा उजेड आरपार जातो. चारही कोपरे ताणा, पंखा चादरीच्या दिशेने नको. लहान मुलं पुढे सतरंजीवर, पण भिंतीपासून दोन मीटरच्या आत नको, माना दुखतात.

जूनमध्ये पुण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. जाड पडदे नसतील तर साडेसातच्या आधी प्रोजेक्टर लावण्यात अर्थ नाही. दुपारी दाखवायचं असेल तर सरळ टीव्ही वापरा.

आवाज ब्लूटूथवरून नको. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि मुलांना ते आपल्याआधी कळतं. प्रोजेक्टरच्या हेडफोन-खाचेतून वायर काढून स्पीकरला द्या. दहा मीटरच्या साध्या एचडीएमआय वायरवर ४के अडखळतं, १०८० (फुल एचडी) बहुधा चालतं. त्यापेक्षा प्लेअर प्रोजेक्टरशेजारी ठेवा.

आणि वीज. पहिल्या पावसात ती जाणार हे धरूनच चाला. दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा एकदम थांबला की आतली उष्णता दिव्यातच अडकते. संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस पुढे लावा. सिनेमा पुरा करायला तो पुरणार नाही, पण नीट बंद करून गार करण्यापुरती पाच मिनिटं देतो. तसाच अचानक बंद पडला तर वीज आल्याबरोबर चालू करू नका, अर्धा तास थांबा. राउटरलाही छोटा यूपीएस हवा, नाहीतर घरात इन्व्हर्टर असूनही सिनेमा गोल-गोल फिरत बसतो. (चौथ्याची सुरुवातच मुसळधार पावसातल्या सुटकेने होते. बाहेरही तेव्हा पाऊस असला तर मजाच.)

दादा

---

प्रेषक: औंधचे मामा

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये घेऊ की. पन्नास जण मावतात. माणशी शंभर रुपये घेतले तर मंडळाच्या गणपतीला हातभार लागेल.

---

प्रेषक: बाणेरचा दादा

मामा, तिकीट तर नकोच, आणि फुकटही क्लबहाउसमध्ये नको. घरची वर्गणी किंवा विकतची डिस्क घरात पाहण्यापुरती असते. सोसायटीभर बोलावलं की ते सार्वजनिक प्रदर्शन होतं, त्याला हक्कधारकाचा वेगळा परवाना लागतो. शिवाय क्लबहाउसला काचा असतात, पुरता अंधार पडेपर्यंत काही दिसायचं नाही. दहा मुलं आणि त्यांची घरं, एवढ्यावरच राहू.

---

प्रेषक: कार्यवाह, मंडळ
विषय: ठरलं

शनिवार ६ जून: पहिला आणि दुसरा. दुपारी, टीव्हीवर, मध्ये जेवण. काका-मावशी, दोघांचंही राहिलं.
रविवार ७ जून: तिसरा. संध्याकाळी साडेसात, प्रोजेक्टर, सहकारनगर.
शनिवार १३ जून: आधी जेसीचा छोटा भाग, मग ट्रिक्सीचा, मग चौथा. त्याच वेळी, त्याच जागी.

इथल्या भावंडांच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, म्हणून त्यापुढचा वार ठेवला नाही. १९ तारखेची तिकिटं ज्याने त्याने काढावीत. काढताना खेळाची भाषा आणि थ्रीडी आहे की साधा, हे दोन्ही पाहा, दोन घरं वेगवेगळ्या खेळांत बसायला नकोत.

बाणेरच्या दादांनी यूपीएस आणायचा आहे. कोथरूडकरांनी दोन पांढऱ्या डबलबेडच्या चादरी आणि एक काळं कापड. तीन पिनचा लांब एक्स्टेंशन बोर्ड अजून कोणाच्याच नावावर नाही, कृपया कळवा.