उत्तर: लिंकमधला कोड छोटा कसा करायचा?

भाऊ, वर तुम्ही सुचवलंय की पावतीचा आयडी सरळ बेस६४ (बाइट ६४ चिन्हांत लिहायची पद्धत) करून लिंकमध्ये टाका. मी तेच केलं होतं, म्हणून सांगतो. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी ट्रकची पावती लिंकने पाठवायची सोय केली होती. दहातल्या दोन-तीन लिंका उघडायच्याच नाहीत. दोन दिवस डोकं खाजवलं. कोडमध्ये + आला की सर्व्हर त्याची मोकळी जागा करत होता! (क्वेरीत, म्हणजे लिंकच्या ? नंतरच्या भागात, + म्हणजे स्पेस, हे माहीत असून विसरलो.)

यूआरएलसाठी बेस६४ची वेगळी वर्णमाला आहे, आरएफसी ४६४८ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात: + ऐवजी -, / ऐवजी _. शेवटचे = (लांबी पूर्ण करायला लावलेली चिन्हं) काढले तरी चालतं, लांबीवरून ते परत लावता येतात. १६ बाइटचा यूयूआयडी (प्रत्येक नोंदीचा वेगळा ओळख-क्रमांक) ३६ अक्षरांवरून २२ वर येतो.

पण कोड फोनवर वाचून दाखवायचा असेल तर हे नको. ड्रायव्हर "शून्य का ओ?" विचारत बसतो. तिथे क्रॉकफर्डचं बेस३२ (३२च चिन्हांत लिहायची पद्धत) बरं. त्यात आय, एल, ओ, यू नाहीतच आणि कॅपिटल-स्मॉलची भानगड नाही. त्याच यूयूआयडीची २६ अक्षरं होतात, होऊ द्या.

आणि हो, या दोन्ही पद्धतींनी काही लपत नाही, कुणीही उलटं करून वाचतो. मालाच्या दराचा आकडा त्यात घालू नका.