मदत हवी आहे: आकड्यांना घाबरणाऱ्या मुलांना संख्याशास्त्र कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. ठाण्यात एका कॉलेजात टीवायबीएच्या समाजशास्त्राच्या मुलांना यंदा संशोधन पद्धतीचा पेपर शिकवतेय. निम्म्यांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलाय. फळ्यावर सिग्मा (बेरजेचं चिन्ह) काढला की मागचे बाक थेट खिडकीबाहेर बघतात.

एक गोष्ट मात्र जमली. घरून कॉलेजला यायला किती मिनिटं लागतात, ते पाच जणांना विचारलं: 10, 15, 20, 25 आणि कसाऱ्याहून येणारीची 105. सरासरी आली 35. "मॅडम, 35 तर कुणालाच लागत नाहीत!" मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, 20 का बरा, हे मग सांगावंच लागलं नाही.

पण पुढे गाडी अडलीय. प्रोजेक्टमध्ये एकाने ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1 कोटी 10 लाख लिहिली, तीही 'सध्याची' म्हणून. आकडा 2011 च्या जनगणनेचा. तेव्हा पालघर ठाण्यातच होतं, वेगळं झालं 1 ऑगस्ट 2014 ला. दुसरीने संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर उभं राहून नोकरदार बायकांचा सर्व्हे केला. घरून शिवणकाम करणाऱ्या, रिक्षाने जाणाऱ्या त्यात येणार कुठून?

तर विचारायचंय: नमुना निवड (सर्व्हेसाठी माणसं कशी निवडायची ते) वर्गातच खेळासारखी कशी घेता? काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे तपासणारी चाचणी) सूत्राआधी नुसत्या तक्त्यावरून समजावता येतो का? कॉम्प्युटर लॅब मिळत नाही, मुलांकडे फक्त मोबाइल आहेत. मराठीतल्या वर्कशीट असतील तर प्लीज पाठवा. अंतर्गत परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय.